पाणी चाखणारे मिस्त्री

गाडी समोर येऊन उभी राहिली की कुठलाही मेकॅनिक आधी बॉनेट उघडतो, मुंडी आत घालतो आणि मग मालकाकडे अशा नजरेनं पाहतो, की त्याला गाडी घेतल्याचा पश्चात्ताप व्हावा. आमचे मिस्त्री तसं करत नसत. ते आधी चहा मागवत. चहा होईपर्यंत इंजिन निवायचं. मग फडकं टाकून रेडिएटरचं झाकण फिरवायचे, उजव्या हाताची करंगळी आत बुडवायचे आणि जिभेच्या शेंड्याला लावायचे. बाकीची नऊ बोटं ग्रीसनं काळी, ही एक तेवढी स्वच्छ. डोळे मिटून, मान वर करून ते थोडा वेळ तसेच उभे राहत आणि मग निकाल देत.

"हे पानी नांदुऱ्याच्या अलीकडचं नाई."

तुम्ही म्हणाल, वकील माणूस आहे, तिखटमीठ लावून सांगतोय. लावलंही असतं, तीस वर्षं तोच धंदा केला आहे. पण या माणसाच्या बाबतीत तशी गरज पडत नाही.

बुलढाण्यात मलकापूर रस्त्याला त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक शटर आणि एक कडुलिंब. राहायला देऊळघाटला. रोज सकाळी मोपेडवरून येत, संध्याकाळी परत जात. मोताळ्याकडून राजूर घाट चढून आलेली जुनी गाडी जिथं वाफा सोडत थांबते, नेमकी तिथं त्यांनी जागा धरली होती. ही जागा तुम्हाला कुणी सुचवली, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "घाटानं." आमच्या बाररूममध्ये इतकं मोजकं उत्तर देणारा एकही साक्षीदार कधी भेटला नाही.

नव्या गाड्यांना ते हात लावत नसत. कुणी चकचकीत गाडी आणलीच तर दुरूनच हात हलवायचे. "तुमच्या गाडीत कूलंटचं हिरवं पानी राह्यते. ते जहर हाय. चाखता येत नाई, मंग मी पाहू काय?" त्यामुळे त्यांच्याकडे यायच्या त्या जुन्या अँबॅसिडर, जुन्या जीपा आणि कुणा हौशी माणसानं आजोबांची म्हणून जपून ठेवलेली एखादी फटफट आवाज करणारी मोटार. अकोल्याहून आणि जालन्याहूनही लोक येत. सगळ्यांचं दुखणं एकच, गाडी तापते.

माझी अँबॅसिडर मला माझ्या सीनियर वकिलांकडून मिळाली. त्यांनी वकिली सोडली तेव्हा कायद्याची पुस्तकं एकाला दिली, अशील दुसऱ्याला दिले आणि गाडी मला. यावरून त्यांचं माझ्याबद्दल काय मत होतं ते ओळखा. पहिल्याच महिन्यात मी मलकापूर कोर्टातून परत येताना ती घाटात उकळली. वळणावर थांबलो तर दहा माणसं जमली आणि बारा सल्ले मिळाले. एकानं बॉनेटवर ओलं पोतं टाकायला सांगितलं, दुसऱ्यानं गाडी उलटी चढवायला सांगितली. शेवटी एका ट्रकवाल्यानं दोर लावून मला मिस्त्रींच्या कडुलिंबाखाली आणून सोडलं.

मिस्त्रींनी चहा घेतला, पाणी चाखलं, थुंकले.

"वकीलसाहेब, हे पानी तुमी पेता का?"

"नाही."

"मंग गाडीले काऊन पाजता?"

मी म्हटलं, साधं नळाचं पाणी आहे, येळगाव धरणाचं. घरून निघताना मीच भरलं. त्यांनी माझ्याकडे अगदी दयेनं पाहिलं. "मानूस खोटं बोलते, पानी नाई बोलत. हे पानी खारपानाचं हाय. नदीपारचं." तेव्हा मला आठवलं. आदल्या रविवारी मी सासुरवाडीला गेलो होतो, संग्रामपूरकडे. तिथल्या बोअरचं पाणी मेव्हण्यानं मोठ्या प्रेमानं कॅन भरभरून गाडीत ओतलं होतं. खारपाण पट्ट्यातलं ते पाणी. माणसांना किडनीचा त्रास देतं आणि रेडिएटरच्या नळ्यांत चुनखडीचा थर धरतं. नळ्या तुंबल्या की पाणी फिरत नाही आणि पाणी फिरलं नाही की इंजिन निवत नाही. हे सगळं मिस्त्रींनी मला तेव्हाच समजावून सांगितलं. उपाय होता चिंच. दोन किलो चिंच उकळून ते पाणी रात्रभर गाडीत भरून ठेवायचं.

चिंच घरातूनच न्यावी लागली. बायकोनं वर्षभरासाठी मीठ लावून ठेवलेली होती. "बिनमिठाची पाह्यजे," असं म्हणत मिस्त्रींनी ती परत पाठवली, म्हणून मग शेजारणीकडची नवी चिंचही गेली. मी बायकोला म्हटलं, तुझ्या माहेरच्या पाण्यानं माझी गाडी नासली. ती म्हणाली, इतकी वर्षं दर दिवाळीला तुम्ही तेच पाणी प्यायलात, तुमचं काय वेगळं झालं? गाडी मात्र सुतासारखी सरळ झाली.

मिस्त्रींच्या जिभेचा खरा दरारा मी पाहिला तो लोणारच्या जीपवाल्याच्या वेळी. जीपचा मालक मोठा शेतकरी होता आणि सोबत ड्रायव्हर. गाडी रोज तापायला लागली होती. मिस्त्रींनी चाखलं आणि ड्रायव्हरला विचारलं, पाणी कुठलं? ड्रायव्हर म्हणाला, धारेचं. लोणारला सरोवराच्या काठावर देवळापाशी गोड्या पाण्याची धार आहे, तिचं.

"धार गोड हाय बाबू," मिस्त्री म्हणाले. "हे साबनावानी लागून राह्यलं. तू खाली तळ्यात डबडं बुडवलं."

ड्रायव्हरनं पहिल्यांदा शपथ घेतली, मग दुसऱ्यांदा घेतली आणि तिसऱ्या वेळेस रडकुंडीला येऊन कबूल झाला. धारेवर बायकांची गर्दी होती, रांगेत कोण उभं राहणार म्हणून सरोवरातलंच खारं पाणी भरलं होतं. मी पाच वर्षं एका खुनाच्या खटल्यात असा कबुलीजबाब मिळवायच्या मागे होतो. त्या दिवशी मी मिस्त्रींना म्हटलं, तुम्ही माझ्याकडे ज्युनियर म्हणून या. ते म्हणाले, "तुमच्या धंद्यात चाखाले काय भेटते?"

मग ती तापाची साथ आली. शटर बरेच दिवस बंद राहिलं. मिस्त्रींनाही ताप आला होता, देऊळघाटला घरीच पडून होते. बरे झाले आणि पहिल्यासारखे मोपेडवरून यायला लागले. साथीत माझीही चव गेली होती. ती आठ दिवसांत परत आली आणि त्या आठ दिवसांत बायकोनं घरातलं सगळं शिळंपाकं मला वाढून संपवलं. तेव्हा सगळ्यांचंच असं झालं होतं, त्यामुळे कुणी कुणाला फार विचारत नव्हतं.

त्यानंतर काही महिन्यांनी माझी अँबॅसिडर पुन्हा घाटात तापली. मी कडुलिंबाखाली गाडी लावली. मिस्त्रींनी चहा मागवला आणि करंगळी बुडवायच्या आधी सहज विचारलं, "कुठून आले वकीलसाहेब?"

मी सांगितलं, परवा सासुरवाडीला जाऊन आलो. त्यांनी पाणी चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "खारपानाचंच हाय. चिंच आना."

आता माझा धंदा असा आहे, की साक्षीदारानं उत्तर द्यायच्या आधी प्रश्न विचारला की माझे कान टवकारतात. या माणसानं इतक्या वर्षांत मला गाव कधी विचारलं नव्हतं, तोच मला सांगायचा. शिवाय सासुरवाडीला जाताना मी घरून पाण्याचे दोन कॅन नेले होते, बोअरच्या पाण्याचा थेंब गाडीत घातला नव्हता. तरी मी चिंच आणली. गाडी पुन्हा तापली. पुन्हा चिंच झाली. पुन्हा तापली.

तिसऱ्यांदा चिंच भरून ठेवली. तेवढ्यात आणखी दोन गाड्या त्यांच्याकडून दुरुस्त होऊन गेल्या आणि उकळून परत आल्या. रस्त्यावर कुजबुज सुरू झाली. मिस्त्रीचा हात गेला, असं लोक म्हणायला लागले. हात गेला नव्हता हे फक्त मला कळत होतं, आणि तेही नुसत्या संशयावर. मग मी एक नालायकपणा केला. तो सांगायची लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गॅरेजसमोर चहाची टपरी होती. टपरीवाल्याला मी बाजूला घेऊन सांगितलं, आज मिस्त्रींच्या चहात साखरेऐवजी मीठ टाक. तो हसला. त्याला वाटलं गंमत आहे. मलाही अर्धी गंमतच वाटत होती. चहा आला. मिस्त्री बोलता बोलता एकेक घोट घेत राहिले, लोणारच्या जीपवाल्याची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली, शेवटचा घोट घेतला, मिशा पुसल्या आणि ग्लास खाली ठेवून म्हणाले, "आज चहा कडक झाला."

माझा चहा गोड होता, तो मला संपवता आला नाही. त्या माणसाची सगळी मिरास म्हणजे ती जीभ होती. पान्हे तर कुणीही फिरवतो. ती गेलेली आहे हे त्यांना माहीत होतं, आणि रोज सकाळी येऊन ते करंगळी बुडवत होते, मान वर करत होते आणि अंदाजपंचे काहीतरी सांगत होते. मी तारीख आहे म्हणून उठलो आणि निघालो. तारीख नव्हती.

चार दिवसांनी मिस्त्रींचाच फोन आला. "गाडी घेऊन या. ट्रायल घेऊ. खाली मोताळ्यापर्यंत जाऊ अन् चढून येऊ. मी बसतो तुमच्या संगं." गाडीत बसताना त्यांनी दार ओढलं आणि समोर पाहत म्हणाले, "तीनदा चिंच पाजली. या खेपेले उकळली तं मी शटर पाडतो, वकीलसाहेब. लोकाइच्या गाड्या नासवून काय फायदा?"

मी काहीतरी विनोद करायला गेलो, तो जमला नाही. घाट उतरलो, मोताळ्याला वळलो आणि चढायला लागलो. दुपारची वेळ होती. मी हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले होते. स्टिअरिंग सोडता येत नव्हतं म्हणून. अर्धा घाट काटा जागचा हलला नाही. मिस्त्री काट्याकडे पाहतच नव्हते, खिडकीबाहेर पाहत होते. मग मोठ्या वळणाच्या अलीकडे काटा उचलला आणि वळणावर बॉनेटच्या फटीतून वाफ आली. मी गाडी कडेला घेतली. मिस्त्री उतरले आणि कठड्यावर जाऊन बसले. कठड्यावर चार माकडंही होती, त्यांनी सरकून जागा दिली.

"झालं," मिस्त्री म्हणाले.

इंजिन निवेपर्यंत अर्धा तास झाकण उघडता येत नाही. तो अर्धा तास मला वर्षासारखा गेला. शेवटी मी म्हटलं, "मिस्त्री, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशीच्या चहात..."

"मीठ होतं," ते म्हणाले. "टपरीवाल्यानं त्याच दिवशी सांगतलं. त्याले वाटलं मी हासीन."

मी मान खाली घातली. कोर्टात मी कधीच घालत नाही.

"तुमच्यावर राग आला होता," ते म्हणाले. "दोन दिवस लय राग आला. मंग म्हनलं, याले तं मालूम पडलंच हाय. आता त्याच्यापाशी लपवाचं काय राह्यलं? म्हून तुमालेच बलावलं. मले काईच लागून नाई राह्यलं, वकीलसाहेब. वास बी नाई. पेट्रोल अन् अत्तर सारखंच."

एवढं बोलून ते उठले, फडकं टाकून झाकण फिरवलं आणि माझ्याकडे वळले. "चला. बोट घाला."

"मी?"

"मंग काय माकड घालीन?"

मी करंगळी बुडवली. नाक मुरडलं, जिभेला लावली. तुम्हाला म्हणून सांगतो, इतकी वाईट चव मी आयुष्यात घेतली नव्हती, आणि मी बाररूमच्या कँटीनमध्ये जेवतो.

"कसं लागते?"

"वाईट लागतं."

"वाईट ही काई चव हाय का? खारं हाय का?"

"खारं... म्हणजे तसं म्हणायला गेलं तर..."

"अर्ज लिहून राह्यले का? हाव का नाई, तेवढं सांगा."

"नाही. खारं नाही."

"चुन्यावानी जीभ आखडते?"

"नाही."

"लोखंड चाटल्यावानी?"

"थोडंसं. पण मागून दुसरंच काहीतरी येतंय."

"मागून म्हंजे कुठी? शेंड्यावर का घशाकडं?"

"घशाकडं. कडवट. चुलीच्या धुरासारखं. आणि नाकात घासलेटासारखं चढतंय."

मिस्त्री माझ्याजवळ सरकले. मग मला पुन्हा चाखायला लावलं. मग तिसऱ्यांदा. उलटतपासणीत माणसाला काय वाटतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी तेच उत्तर देत राहिलो, तसा त्यांचा चेहरा हळूहळू बदलायला लागला. "तुमी आत बसा," ते म्हणाले. "गाडी चालू करा अन् एक्सलेटर दाबून धरा." मी दाबून धरलं. ते रेडिएटरच्या उघड्या तोंडावर वाकून पाहत होते. थोड्या वेळानं त्यांनी मला हातानं बोलावलं. पाण्यात बुडबुडे येत होते, बारीक बारीक, एकामागून एक.

"इंजिनाच्या झाकनाची, हेडची पॅकिंग फुटली," ते म्हणाले. "आतला धूर पान्यात येते. गाडी उभी असली तं काई नाई. चढावर जोर पडला का फट उघडते. तीन महिने धूर पानी खाऊन राह्यला अन् मी तिले चिंच पाजून राह्यलो." ते कठड्यावर बसले. "पयलेचा असतो तं पयल्याच दिवशी सांगतलं असतं."

"आत्ता सांगितलंत ना," मी म्हटलं.

"तुमी सांगतलं."

"मला तर ते नुसतं वाईट लागत होतं."

यावर ते हसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिलं. आम्ही पाणी भरून, थांबत थांबत वर आलो. पुढच्या आठवड्यात त्यांनी हेड उतरवलं आणि जळालेली पॅकिंग माझ्या हातात दिली, तिच्यावर काळी रेघ होती. हेड खामगावला लेथवर घासून सपाट करून आणलं, नवी पॅकिंग बसवली आणि आम्ही पुन्हा ट्रायलला गेलो. गाडी घाट न थांबता चढली. मी वर येऊन हॉर्न वाजवला, त्यांनी मला रागावलं, म्हणाले बॅटरी जुनी आहे.

शटर पडलं नाही. पण त्या दिवसापासून माझ्या मागे एक काम लागलं. सकाळी दहाला फोन यायचा, "वकीलसाहेब, चहा घ्याले या." मी काळा कोट घालून, कोर्टात जाता जाता गॅरेजवर थांबायचो. गिऱ्हाईक समोर उभं असायचं. मिस्त्री थाटात करंगळी बुडवायचे, डोळे मिटायचे, मान वर करायचे आणि मग म्हणायचे, "वकीलसाहेब, तुमी बी पाहा जरा गंमत." मी गंमत म्हणून चाखायचो. मग ते गिऱ्हाइकाला पाण्याची बाटली आणायला टपरीवर पिटाळायचे आणि तेवढ्यात माझी उलटतपासणी उरकायची. गिऱ्हाईक परत येईपर्यंत निकाल तयार असायचा. उकळून परत आलेल्या त्या दोन्ही गाड्याही त्यांनी परत बोलावून अशाच नीट करून दिल्या.

मी हळूहळू सुधारलो. चुनखडी ओळखायला लागलो, गंज ओळखायला लागलो. गाव मात्र मला कधीच सांगता आलं नाही. एकदा मी मोठ्या विश्वासानं "रोहिणखेड" म्हटलं, तर गाडी चिखलीची निघाली. मिस्त्री म्हणाले, "गाव सोडा तुमी. तुमच्या जिभेले तेवढी अक्कल नाई." बाररूममध्ये माझी टर उडायची. बायको रोज संध्याकाळी विचारायची, आज कुणाचं काय पिऊन आलात. मी हे कशासाठी करतो, ते मात्र मिस्त्रींनी आणि मी दोन वर्षं कुणाला कळू दिलं नाही. अशील आणि वकील यांच्यातली गोष्ट बाहेर सांगायची नसते, आणि मला आयुष्यात इतका आवडलेला दुसरा अशील मिळाला नाही.

मग एका शुक्रवारी मिस्त्री गेले. सकाळी गॅरेजवर एक जीप आली होती, तिचं पाणी मी चाखून कोर्टात गेलो. ते दुपारच्या नमाजला देऊळघाटला परतले, घरी जेवले, आडवे झाले आणि उठले नाहीत.

चार दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर आठ-दहा माणसं बसली होती. मिस्त्रींचा धाकटा भाऊ मला दाराजवळच्या खुर्चीवर बसवून इतरांकडे गेला. दाराला पडदा होता. मिस्त्रींच्या बायकोला मी भाभी म्हणत असे, पण इदेच्या शीरखुर्म्यापलीकडे आमचं बोलणं कधी झालं नव्हतं. पडद्याआडून त्यांचा आवाज आला.

"वकीलसाहेब, एक गोस्ट इचारू? खरं सांगसान?"

"विचारा ना भाभी."

"त्याहिले चव लागे नाई, हे मले पयलेपासून मालूम होतं. त्याहिनं सांगतलं नाई, मी इचारलं नाई. लपवून राह्यले तं लपवू द्या म्हनलं. लग्न झालं तवापासून रोज बोलनं खाल्लं मी. दालीत मीठ कमी, सालनात मीठ जास्त. एक दिवस खाली गेला नाई. मी लय चिडे. अन् ताप येऊन गेला तसं एकदम बंद झालं. ठिवलं ते खाल्लं अन् उठले. एक दिवस मी मुद्दामच मीठ टाकलं नाई. तरी खाल्लं. त्या दिवशी मी चुलीपाशी बसून रडली."

मी खुर्ची पडद्याजवळ सरकवली.

"जुम्म्याच्या दिवशी जेवाले बसले. पयला घास घेतला अन् म्हने, आज मीठ जास्त टाकलं तू. मी चाखून पाह्यलं, बराबर होतं. मंग मी भांडली. तसंच, पयलेवानी. ते बी भांडले. मंग झोपले." आवाज थोडा खाली आला. "तुमी रोज त्याहिच्या संगं राहे. चव वापस आली होती का त्याहिची?"

होय म्हणणं सोपं होतं. अशा वेळी माणसं होयच म्हणतात. जाता जाता तरी माणूस बरा होऊन गेला, एवढं समाधान तिला मिळालं असतं, आणि खोटं बोलायला मला काही कष्ट पडत नाहीत. पण त्याच दिवशी सकाळी मी त्यांच्यासाठी चाखलं होतं, आणि त्यांनी मला "कडू का तुरट" असं चार वेळा विचारलं होतं.

"नाही भाभी," मी म्हटलं. "शेवटपर्यंत आली नव्हती. त्या सकाळीसुद्धा त्यांना काही लागत नव्हतं."

मला वाटलं, चुकलंच आपलं.

"म्हंजे मले भांडाले लावलं बुढ्यानं," त्या म्हणाल्या. "मुद्दाम."

आणि त्या हसल्या. आधी तोंडावर पदर धरल्यासारखं, मग तो पदर सुटल्यासारखं, खळखळून. ओट्यावरची माणसं दचकून पडद्याकडे पाहायला लागली. मिस्त्रींचा भाऊ घाईनं माझ्याकडे आला आणि विचारायला लागला, काय झालं, काय बोललात तुम्ही वहिनीशी. पडद्याआड त्या अजून हसतच होत्या.